अध्यासन आणि सिंहासन

पहिले महायुद्ध थांबल्यानंतर काही महिन्यांतच, 1919 साली, वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील ॲबरिस्टविथ या लहान गावातल्या महाविद्यालयात एक नवे अध्यासन स्थापन झाले. त्यासाठी 20,000 पौंडांची देणगी देणारे डेव्हिड डेव्हिस हे लिबरल पक्षाचे खासदार होते. ग्वेंडोलिन आणि मार्गारेट या त्यांच्या दोघी बहिणी देणगीत सहभागी होत्या. पैसा आजोबांनी मिळवलेला, वेल्सच्या कोळसा खाणींतला आणि तो कोळसा जगभर धाडणाऱ्या गोदीतला. डेव्हिस स्वतः पश्चिम आघाडीवर एका पलटणीचे नेतृत्व करून आले होते. या महाविद्यालयाचे जे विद्यार्थी खंदकांतून परतले नाहीत, त्यांचे स्मारक अभ्यासाच्या रूपाने उभे राहावे अशी त्यांची इच्छा होती. राष्ट्रांचे आपसांतले व्यवहार कसे चालतात, कुठे बिघडतात आणि त्यातले तंटे युद्धावाचून कसे सोडवता येतील, हे शिकवण्यासाठी एक स्वतंत्र प्राध्यापक नेमायचा होता. आंतरराष्ट्रीय राजकारणाचे जगातले हे पहिले अध्यासन. त्याला नाव मिळाले अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे, आणि पहिले प्राध्यापक झाले आल्फ्रेड झिमर्न, प्राचीन ग्रीसचे अभ्यासक आणि राष्ट्रसंघाच्या ब्रिटिश आराखड्याच्या तयारीत भाग घेतलेले गृहस्थ.

आज हा विषय जगभरच्या विद्यापीठांत शिकवला जातो. जागतिक राजकारण, जागतिक कारभार, आंतरराष्ट्रीय सुरक्षा अशा त्याच्या शाखा झाल्या, अभ्यासक्रम फोफावले. पण त्याचा शंभर वर्षांचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. युद्धाने हादरलेला समाज या विषयाला जन्म देतो आणि तो जरा हाती आला की राज्यसत्ता त्याला आपल्या कामाला जुंपू पाहते. या विषयाला सत्तेशी पूर्ण फारकत परवडत नाही, कारण त्याचा सगळा अभ्यासच सत्तेचा आहे. तरीही त्यात टिकाऊ भर घातली ती सत्तेला जवळून ओळखणाऱ्या, पण तिच्या पंगतीत कायमचे पान न मांडलेल्या माणसांनी. जिथे हे अंतर संपले तिथे ज्ञान आटले. जिथे ते फार वाढले तिथे अभ्यास वाळला. भारतात हा विषय कसा रुजला आणि कुठे खुंटला, हेही याच अंतराच्या हिशोबाने नीट समजते असे माझे मत आहे.

1919 सालीच हे का घडले, याचे कारण त्या काळच्या एका ठाम समजुतीत आहे. युद्ध पेटले ते बंद दाराआडच्या मुत्सद्देगिरीमुळे, गुप्त करारांमुळे आणि जनतेच्या अज्ञानामुळे, असे युरोपातल्या व अमेरिकेतल्या उदारमतवाद्यांना वाटत होते. मग इलाजही ओघाने येत होता: माहिती उघड करा, लोकांना शिकवा, राष्ट्रसंघ उभारा. पॅरिसच्या शांतता परिषदेला गेलेल्या ब्रिटिश आणि अमेरिकन तज्ज्ञांनी 1919च्या मे महिन्यात तिथल्या एका हॉटेलात बसून अभ्याससंस्था काढण्याचे ठरवले. त्यातून 1920 साली लंडनची संस्था निघाली, जी पुढे चॅटम हाउस म्हणून ओळखली जाऊ लागली. 1921 साली न्यूयॉर्कची कौन्सिल ऑन फॉरिन रिलेशन्स निघाली. 1927 साली जिनिव्हात, राष्ट्रसंघाच्या शेजारी, पदव्युत्तर संस्था सुरू झाली. या सगळ्या खटपटीत कळकळ होती, यात शंका नाही. पण चॅटम हाउसच्या कल्पनेमागचे लायनेल कर्टिस कोण होते, हेही पाहिले पाहिजे. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिश कारभारात तयार झालेले आणि साम्राज्य टिकावे म्हणून त्याची नवी घडण शोधणारे हे गृहस्थ. 1919च्या कायद्याने आपल्याकडे जी द्विदल राज्यपद्धती आली, तिच्यामागच्या विचारात त्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे जो माणूस भारतीयांना अर्धे खाते द्यावे की पाव याचा विचार करीत होता, तोच जगाच्या शांततेच्या अभ्यासाचीही पायाभरणी करीत होता.

त्यामुळे या नव्या विषयाच्या नकाशावर साम्राज्य हा आंतरराष्ट्रीय प्रश्न म्हणून उमटलाच नाही. तो घरगुती कारभाराचा भाग ठरला. पॅरिस परिषदेत जपानने राष्ट्रसंघाच्या घटनेत वंशसमानतेचे कलम घालण्याची सूचना मांडली. समितीतल्या 17 मतांपैकी 11 मते तिच्या बाजूने पडली. अध्यक्षस्थानी विल्सन होते. एकमत नाही म्हणून सूचना मंजूर धरता येत नाही, असा निर्णय त्यांनी दिला. ॲबरिस्टविथचे अध्यासन त्यांच्याच नावाचे. भारताची जागा तर त्याहून विचित्र. व्हर्सायच्या तहावर भारताच्या नावाने सह्या झाल्या, त्या भारतमंत्री माँटेग्यू यांच्या आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंग यांच्या. स्वतःच्या घरात स्वराज्य नसलेला देश राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य झाला, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अमृतसरला जालियनवाला बाग घडली. अमेरिकेत या विषयाच्या पहिल्या नियतकालिकांपैकी एकाचे नाव 1910 साली ‘जर्नल ऑफ रेस डेव्हलपमेंट’ असे होते. 1919 साली ते ‘जर्नल ऑफ इंटरनॅशनल रिलेशन्स’ झाले आणि 1922 साली ‘फॉरिन अफेअर्स’मध्ये विलीन झाले. मागास मानलेल्या वंशांचे काय करावे, या प्रश्नाभोवती जमलेली मंडळीच पुढे राष्ट्राराष्ट्रांच्या संबंधांवर लिहू लागली.

यावर एक आक्षेप रास्त आहे. देणगीचा पैसा कोळशाचा असो वा संस्थापकाची निष्ठा साम्राज्यावर असो, त्याने ज्ञान खोटे ठरते का? राष्ट्रसंघाच्या घटनेचे विश्लेषण बरोबर असेल तर ते बरोबरच. हे मान्य. उगमाने उत्तरे खोटी ठरत नाहीत. पण उगमामुळे काही प्रश्न विचारले जातात आणि काही विचारलेच जात नाहीत, आणि या विषयात तेच निर्णायक ठरले. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी 1915 सालीच लिहिले होते की युद्धाची मुळे आफ्रिकेच्या लुटालुटीत आहेत; युरोपातली राष्ट्रे आपसांत भिडली ती वसाहतींच्या वाटणीवरून. विल्सनांच्या पिढीने युद्धाच्या कारणांवर एवढे लिहिले, पण हा धागा तिने हाती घेतला नाही. वॉशिंग्टनमधल्या हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात मात्र ॲलन लॉक, राल्फ बंच, मर्झ टेट यांनी वंश आणि साम्राज्य हेच जागतिक राजकारणाचे मर्म मानून अभ्यास चालवला. बंच यांना 1950 साली शांततेचे नोबेल मिळाले. टेट यांनी निःशस्त्रीकरणाच्या इतिहासावर मूलभूत काम केले आणि 1950च्या सुमारास त्या शांतिनिकेतनात शिकवायलाही आल्या. सत्तेच्या दारात ज्यांना खुर्ची नव्हती, त्यांना तिची पाठची बाजू दिसत होती. तरी अभ्यासक्रमांच्या मुख्य प्रवाहात त्यांची नावे यायला अर्धे शतक लागले.

आणखी एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. ॲबरिस्टविथचे अध्यासन स्थापन झाले त्याच 1919 साली अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकात बंगालचे विद्वान विनयकुमार सरकार यांचा हिंदूंच्या आंतरराष्ट्रीय संबंधविषयक सिद्धान्तावरचा लेख छापून आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरला सापडून ती छापली गेल्याला तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. सरकारांनी त्यातल्या राजमंडलाच्या कल्पनेवर, म्हणजे शेजारी तो अरी आणि शेजाऱ्याचा शेजारी तो मित्र या मांडणीवर, आधुनिक भाषेत लिहिले. त्या लेखाचा धागा कोणी पुढे नेला नाही. मुंबई विद्यापीठाने र. पं. कंगले यांची अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती 1960 ते 1965 या काळात तीन भागांत काढली, तेव्हा कुठे या ग्रंथाला आधार धरण्याजोगी संहिता मिळाली. पण तिचा उपयोग संस्कृतज्ञांनी जितका केला तितका राजकारणाच्या अभ्यासकांनी केला नाही. आपल्याच घरातले उदाहरण घ्यायचे तर रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला हा ग्रंथ टोपीकर, म्हणजे युरोपीय व्यापारी, हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राजे उभे आहेत, त्यांना समुद्रकाठी वखारीला जागा देताना जपावे, हे स्पष्ट सांगतो. व्यापारी कंपनी आणि राज्यसत्ता यांचे नाते इतक्या लवकर ओळखणारा हा मजकूर सुरक्षेच्या कोणत्याही अभ्यासक्रमात शोभला असता. असे ग्रंथ आहेत म्हणून आपण सगळे आधीच जाणत होतो, असा गर्व करण्यात अर्थ नाही. अमात्यांचा इशारा पुढच्या राज्यकर्त्यांनी ऐकला नाही, हेही तितकेच खरे. पण अशा ग्रंथांकडे अभ्यासाचे साहित्य म्हणून पाहण्याची सवय या विषयाला लागली नाही.

ॲबरिस्टविथकडे परत वळू, कारण अंतराच्या प्रश्नाचा सर्वात बोलका प्रसंग तिथेच घडला. 1936 साली विल्सन अध्यासनावर ई. एच. कार यांची निवड झाली. कार वीस वर्षे ब्रिटिश परराष्ट्र खात्यात होते, पॅरिस परिषदेचे काम त्यांनी आतून पाहिले होते, आणि राष्ट्रसंघावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. डेव्हिस यांना ही निवड मुळीच रुचली नाही. आंतरराष्ट्रीय पोलीस दल उभारले तरच शांतता टिकेल, या ध्यासाने ते पछाडले होते. त्यासाठी त्यांनी पुस्तके लिहिली, संस्था काढल्या, कार्डिफला शांतिमंदिर बांधले. त्या मंदिराचे उद्घाटन 1938च्या नोव्हेंबरात, युद्धात तीन मुलगे गमावलेल्या एका मातेच्या हस्ते झाले, म्युनिकच्या करारानंतर अवघ्या काही आठवड्यांनी. आणि डेव्हिस यांच्याच पैशावर चाललेल्या अध्यासनावरून कार सांगत होते की राष्ट्रसंघाचा आदर्शवाद ही जगाची वाटणी ज्यांच्या सोयीने झाली त्या तृप्त राष्ट्रांची नीती आहे. जे सर्वांचे हित म्हणून सांगितले जाते ते बलवानांचे हित असते. ‘द ट्वेन्टी इयर्स क्रायसिस’ हे त्यांचे पुस्तक 1939 साली दुसरे महायुद्ध पेटताच बाजारात आले, आणि त्या एका पुस्तकाने विषयाचे वळण बदलले. देणगीदाराला न आवडणारे बोलण्याची मुभा महाविद्यालयाने प्राध्यापकाला दिली, म्हणून हे शक्य झाले. डेव्हिस यांची तळमळ खोटी नव्हती, तीन मुलांच्या आईचे दुःखही खोटे नव्हते. पण दात्याच्या मनासारखा प्राध्यापक नेमला गेला असता तर विषय श्रद्धेवर थांबला असता.

मात्र कार यांचीच गोष्ट दुसरीही बाजू दाखवते. सत्तेचे वास्तव ओळखा असे सांगता सांगता त्यांनी त्याच पुस्तकात म्युनिकच्या वाटाघाटींना शांततामय बदलाचा नमुना म्हणून उचलून धरले. चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून हिटलरला देणे हे त्यांना बळाच्या बदलत्या समतोलाला धरून वाटले. 1946च्या आवृत्तीत असे काही उतारे त्यांनी गाळले. चेंबरलेन सरकारच्या धोरणाला शास्त्राची भाषा मिळाली, ती परराष्ट्र खात्यात वाढलेल्या माणसाकडून. खात्याची नोकरी सोडली तरी खात्याची नजर सुटायला वेळ लागतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर विषयाचे माहेर अमेरिकेत गेले. नाझी जर्मनीतून परागंदा झालेले हान्स मॉर्गेंथाऊ जिनिव्हा, माद्रिद असे फिरत शिकागोला पोहोचले आणि 1948 साली त्यांनी ‘पॉलिटिक्स अमंग नेशन्स’ लिहिले. पुढची कित्येक वर्षे अमेरिकेतले विद्यार्थी या विषयाचे पहिले धडे त्यातून शिकले. अणुबाँबने सुरक्षेचा अभ्यास हा वेगळाच उद्योग उभा केला. रँड संस्था, अमेरिकी हवाईदलाचा पैसा, गणिती आणि अर्थशास्त्रज्ञ एका छताखाली आले. 1957 साली सोव्हिएत स्पुतनिक आकाशात गेल्यावर 1958च्या कायद्याने परकी भाषा आणि प्रदेश-अभ्यासासाठी सरकारी पैसा ओतला गेला. या काळात निघालेले काम पुष्कळ दर्जेदार आहे. अण्वस्त्रांचा धाक कसा टिकतो आणि कशाने मोडतो, याविषयी आजही त्याच पिढीच्या लेखनाकडे जावे लागते. पण 1964-65 मधले कॅमलॉट प्रकरण या व्यवस्थेची दुसरी बाजू उघड करते. परक्या देशांत बंड कशाने होते आणि ते कसे रोखावे, याचा अभ्यास समाजशास्त्रज्ञांकडून करून घेण्याची अमेरिकी लष्कराची ही योजना होती. नॉर्वेचे शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग तेव्हा चिलीत शिकवत होते. त्यांना निमंत्रण आले, त्यांनी ते नाकारले आणि चिलीतल्या सहकाऱ्यांना त्यामागचा पैसा कोणाचा ते सांगितले. गदारोळ झाला आणि 1965च्या जुलैत योजना गुंडाळावी लागली. त्याच वर्षी, व्हिएतनाममधले युद्ध अमेरिकेच्या हिताचेही नाही आणि नीतीचेही नाही, असे जाहीरपणे सांगणाऱ्या मॉर्गेंथाऊंचे संरक्षण खात्यातले सल्लागारपद गेले. राष्ट्रहित हा ज्यांच्या सिद्धान्ताचा कणा, त्यांनाच राष्ट्रहिताच्या नावाने दूर व्हावे लागले. मला वाटते, त्यांच्या लेखनातला हा काळ त्यांच्या गाजलेल्या पुस्तकाहून मोठा आहे.

भारतात हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच उघड होता. 1936 साली चॅटम हाउसच्या धर्तीवर दिल्लीत एक संस्था निघाली, पण तिच्यावर सरकारी अधिकाऱ्यांची छाप होती. जगाच्या परिषदांत भारताचे मत म्हणून जे मांडले जाई ते सरकारला चालणारे मत असे. म्हणून 21 नोव्हेंबर 1943 रोजी तेज बहादूर सप्रू, हृदयनाथ कुंझरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स ही बिनसरकारी संस्था काढली. महायुद्ध चालू, काँग्रेसचे पुढारी तुरुंगात, बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती, आणि अशा वेळी ही मवाळ मंडळी पुढच्या जगाचा विचार करायला बसली होती. यात पुण्याचा एक खरा धागा आहे. कुंझरू हे गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1905 साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य आणि 1936 पासून त्याचे अध्यक्ष. आकडे पाठ करून सरकारला सरकारच्याच अंदाजपत्रकावर कोंडीत पकडण्याची गोखल्यांची रीत हा या समाजाचा वारसा होता. साताऱ्याच्या रावबहादूर आर. आर. काळे यांच्या देणगीतून 1930 साली पुण्यात गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्था उभी राहिली ती याच परंपरेत. अभ्यास करायचा, पुरावा जमवायचा आणि सत्तेसमोर ठेवायचा, पण सत्तेच्या नोकरीत जायचे नाही: हे अंतर कुंझरूंनी दिल्लीला नेले.

त्याचे फळ लवकरच दिसले. 1947च्या मार्च-एप्रिलमध्ये, देश अजून स्वतंत्र व्हायचा असताना, या कौन्सिलने दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात आशियाई संबंध परिषद भरवली. प्रेरणा नेहरूंची, अध्यक्षस्थानी सरोजिनी नायडू. समारोपाच्या वेळी गांधीजी बोलले. बिनसरकारी संस्था यजमान असल्यामुळे तिबेटलाही वेगळे निमंत्रण देता आले. नकाशावर तिबेट वेगळा दाखवला म्हणून तेव्हाच्या राष्ट्रवादी चीन सरकारच्या प्रतिनिधींनी हरकत घेतली आणि नकाशा बदलावा लागला. पंधरा वर्षांनी ज्या प्रश्नाने भारताला पोळले त्याची ही पहिली झलक होती.

1955च्या ऑक्टोबरात, बांडुंग परिषदेनंतर सहा महिन्यांनी, कौन्सिलने इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू केले. मराठी वाचकांना त्या शरदातले कुंझरू दुसऱ्याच कारणाने आठवतील. फाजल अली आणि के. एम. पणिक्कर यांच्यासह ते राज्य पुनर्रचना आयोगाचे सदस्य होते, आणि विदर्भ वेगळा ठेवून द्विभाषिक मुंबई राज्याची शिफारस करणारा त्यांचा अहवाल 30 सप्टेंबर 1955 रोजीच सरकारला सादर झाला होता. त्या अहवालावर महाराष्ट्र का पेटून उठला ते सांगायला नको. पण त्याच वेळी तोच माणूस शेजारी देशांची, त्यांच्या भाषांची आणि इतिहासाची जाणकार पिढी तयार व्हावी म्हणून झटत होता. संचालक होते मद्रासचे ए. अप्पादोराई, कौन्सिलचे आधीचे सचिव. स्कूल कौन्सिलच्या सप्रू हाउस या इमारतीत भरे. उद्देश पीएच.डी.पर्यंतचे संशोधन हा होता. चीन, आग्नेय आशिया, पश्चिम आशिया, रशिया, अमेरिका असे प्रदेशवार विभाग आणि सोबत एक चांगले ग्रंथालय. अमेरिकेतल्या फाउंडेशनांची मदतही आली. 1959 साली ‘इंटरनॅशनल स्टडीज’ हे नियतकालिक निघाले आणि 1961 साली संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आशियात त्या तोडीच्या संस्था तेव्हा फार थोड्या होत्या.

मग 1962चे चीनबरोबरचे युद्ध आले. त्या पराभवाचे खापर या लहानशा संस्थेवर फोडता येणार नाही; ती जेमतेम सात वर्षांची होती. पण एवढ्या मोठ्या शेजाऱ्याला आतून ओळखणारे लोक भारतात किती थोडे होते, हे त्या वेळी उघडे पडले. वसंत वासुदेव परांजपे यांच्यासारखे मराठी अधिकारी होते, ज्यांनी पेकिंगला जाऊन चिनी भाषा आत्मसात केली होती आणि 1954 साली नेहरू-माओ भेटीत दुभाषाचे काम केले होते. पुढच्या पिढीत गिरी देशिंगकर यांच्यासारखे अभ्यासक झाले. पण असे लोक बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांचे ऐकून घेण्याची खात्यांना सवय नव्हती. युद्धानंतर यशवंतराव चव्हाण मुंबईहून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. 1965च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धाला विराम मिळून दोन महिने होत नाहीत तोच, 11 नोव्हेंबर 1965 रोजी, त्यांच्या पुढाकाराने संरक्षण अभ्यास आणि विश्लेषण संस्था स्थापन झाली. पैसा संरक्षण मंत्रालयाचा, पण संस्था नोंदणीकृत आणि स्वायत्त. काही काळ तिचा संसारही सप्रू हाउसमध्येच होता. संरक्षणाचे प्रश्न लष्करी गोपनीयतेच्या पेटीतून काढून नागरी अभ्यासकांपुढे ठेवायचे, ही चव्हाणांची दृष्टी त्या काळात धाडसाची होती. पुणे विद्यापीठातले राष्ट्रीय सुरक्षेच्या अभ्यासाचे केंद्र त्यांचे नाव धारण करते ते उगाच नव्हे.

इथे माझ्या म्हणण्यावरचा सर्वात भक्कम आक्षेप उभा राहतो. या सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेचे 1968 पासूनचे संचालक के. सुब्रह्मण्यम हे भारतातले सर्वात निर्भीड सुरक्षा-विचारवंत ठरले. अणुधोरणावर त्यांनी वर्षानुवर्षे सरकारला न विचारता लिहिले; 1999च्या कारगिल युद्धानंतरच्या आढावा समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. मग अंतराचा आग्रह कशाला? विद्यापीठांत दूर बसलेल्या प्राध्यापकांनी धोरणावर त्यांच्याइतका प्रभाव कधी टाकला? हा आक्षेप मी हलका मानत नाही. देणाऱ्याचा हात जवळ असला म्हणून बोलणाऱ्याची जीभ बांधली जातेच असे नाही, हे सुब्रह्मण्यम यांनी सिद्ध केले. पण त्यांच्याच आयुष्यातला 1971चा प्रसंग पाहा. मार्चच्या अखेरीस सप्रू हाउसमधल्या एका परिसंवादात त्यांनी पाकिस्तान फुटणे भारताच्या हिताचे आहे आणि ही संधी साधली पाहिजे, असे मत मांडले. मत त्यांचे स्वतःचे होते. पाकिस्तानने मात्र ते भारत सरकारच्या कारस्थानाचा पुरावा म्हणून जगापुढे ठेवले, आणि सरकारची पंचाईत झाली. मंत्रालयाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेतला माणूस कितीही मोकळेपणाने बोलला तरी त्याचे बोलणे मंत्रालयाचेच मानले जाते. आणि सुब्रह्मण्यम हे एकच होते. एका माणसाच्या कण्यावर संस्थेचे स्वातंत्र्य उभे असेल तर त्या माणसामागून ते टिकेल याची हमी नसते.

दुसऱ्या टोकाचे दुखणेही आपण भोगले. 1970 साली स्कूल जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले, देशभरातून विद्यार्थी आले, शिष्यवृत्त्या मिळाल्या, विषयाला मोठे घर मिळाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या प्रदेश-अभ्यास योजनेतून दिल्लीबाहेरही केंद्रे निघाली. मुंबई विद्यापीठात आफ्रिकेचा अभ्यास सुरू झाला आणि मुंबईचा पूर्व आफ्रिकेशी असलेला शतकांचा व्यापार पाहता ते योग्यच होते. गोवा विद्यापीठाने लॅटिन अमेरिकेचे केंद्र काढले, कारण पोर्तुगीज जाणणारी माणसे तिथे होती. दिल्लीपासून दूर बसून जगाकडे पाहण्याची ही उत्तम सोय होती. पण या केंद्रांना पुरेशी माणसे आणि पैसा मिळाला नाही, आणि परराष्ट्र खात्याने त्यांच्याकडे क्वचितच पाहिले. इकडे सप्रू हाउसच्या कौन्सिलच्या कारभाराविषयी तक्रारी वाढल्या; 2000 सालच्या वटहुकुमाने आणि 2001च्या कायद्याने सरकारने ती ताब्यात घेतली. आज उपराष्ट्रपती हे तिचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. इमारतीची डागडुजी झाली, कार्यक्रम वाढले, पण सरकारी छापाच्या संस्थेला पर्याय म्हणून 1943 साली जे उभारले होते, ते अखेर सरकारचेच झाले.

अंतर राखूनही अभ्यास सकस राहायचा असेल तर अभ्यासकाला एक गोष्ट सरकारकडूनच हवी असते, ती म्हणजे जुनी कागदपत्रे. 1993चा सार्वजनिक अभिलेख कायदा आणि 1997चे नियम यांनुसार 25 वर्षांपूर्वीची टिकवण्याजोगी कागदपत्रे राष्ट्रीय अभिलेखागारात यायला हवीत. 1962च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांचा अहवाल 1963 साली तयार झाला. तो सरकारने आजही प्रसिद्ध केलेला नाही. 2014 साली त्याचा एक भाग लोकांसमोर आला, तोही एका परदेशी पत्रकाराकडून. त्यामुळे पुण्या-मुंबईतला विद्यार्थी भारताच्या युद्धांवर प्रबंध लिहायला बसला की त्याला लंडन आणि वॉशिंग्टनच्या अभिलेखागारांतले, म्हणजे परक्या राजदूतांनी भारताविषयी लिहिलेले कागद चाळावे लागतात. तिथे जाण्याची ऐपत नसेल तर तो आठवणी, भाषणे आणि वर्तमानपत्रांवर भागवतो, आणि मग त्याचा प्रबंध धोरणकर्त्यांना निरुपयोगी वाटतो. विद्यापीठांवरचा हवेत बोलण्याचा आरोप बव्हंशी असा तयार होतो. फायली ज्यांच्या कपाटात आहेत त्यांनीच तो करू नये. कायदा अस्तित्वात आहे, मुदत उलटून गेली आहे. 1962, 1965 आणि 1971च्या फायली अभिलेखागारात येणे आणि मुंबई, पुणे, गोव्याच्या केंद्रांत स्वाहिली, पोर्तुगीज आणि चिनी जाणणारे पूर्णवेळ शिक्षक असणे, या दोन गोष्टींसाठी नव्या संस्थेची गरज नाही. आहेत त्या संस्थांना ज्या कामासाठी कुंझरू आणि चव्हाणांनी उभे केले, ते काम करू देण्याचाच हा प्रश्न आहे.